रक्ताच्या तपासणीवरून आहारातील स्निग्धांशाचा ताळा कितपत करता येतो?

आहार_गुहागर (प्रश्न)

नमस्कार. पोषणशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी मी गुहागर आणि दापोली तालुक्यांतील किनाऱ्यालगतच्या मच्छीमार वाड्या आणि त्यांच्या वरच्या अंगाच्या बागायती वाड्या येथील तीस ते साठ वयाच्या स्त्रियांच्या आहारातील स्निग्ध पदार्थांचा अभ्यास करीत आहे. कोणता पदार्थ महिन्यातून किती वेळा आणि किती प्रमाणात खाल्ला जातो हे विचारणारी प्रश्नावली, आणि तिच्या जोडीला आदल्या दिवसाच्या चोवीस तासांत काय काय खाल्ले याची आठवण नोंदवून घेणारी मुलाखत, अशा दोन पद्धती ठरल्या आहेत.

पूर्वपाहणीतच अडचण ध्यानात आली. भात, डाळी आणि भाज्या यांची उत्तरे बऱ्यापैकी जुळतात. तेल, खोबरे आणि तळलेली मासळी यांच्याबाबत मात्र ती डळमळतात. ‘तेल आमच्याकडे नावालाच’ हे वाक्य बहुतेक घरांत ऐकू येते, आणि जिला रक्तदाबाची गोळी सुरू झाली आहे तिच्या तोंडून तर हमखास येते. एकाच चुलीवरचे जेवणाऱ्या दोन जावांच्या उत्तरांवरून तेलाचे रोजचे प्रमाण काढले, तर एकीचे दुसरीच्या दुप्पट निघते. त्या खोटे बोलतात असे मला मुळीच वाटत नाही. फोडणीत पळीने घातलेले तेल घरातल्या सगळ्यांत वाटले गेल्यावर आपल्या ताटात किती आले, हे कोणीही सांगू शकणार नाही.

यावर उपाय म्हणून सर्वांचे लिपिड प्रोफाइल (रक्तातील कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड इत्यादी मेदांची तपासणी) करून घ्यावे, असे मला सुचवण्यात आले आहे. ही तपासणी तालुक्याच्या ठिकाणी होते आणि खर्चही आवाक्यातला आहे. जिचे कोलेस्टेरॉल जास्त, पण सांगितलेला स्निग्धांश कमी, तिचे उत्तर अविश्वसनीय धरावे, असा त्यामागचा विचार आहे. मला तो पटत नाही, परंतु का पटत नाही हे शास्त्रीय भाषेत नेमके मांडता येत नाही. लिपिड प्रोफाइल या कामाचे नसेल, तर रक्तातील दुसरे कोणते घटक मोजावेत, ते किती जणींचे मोजावेत आणि वर्षाच्या कोणत्या काळात मोजावेत, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

वैद्यक_दापोली

आपली शंका रास्त आहे, आणि तो विचार प्रबंधाच्या आराखड्यात शिरण्याआधीच बाजूला ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. कोलेस्टेरॉलचा आकडा म्हणजे शरीराने अन्नाला दिलेला प्रतिसाद आहे. काय खाल्ले याची ती नोंद नव्हे. आहारातला संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) वाढला की रक्तातले एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहणारे कण, उचलून घेणारे यकृतावरचे ग्राहक (रिसेप्टर) कमी पडतात आणि एलडीएल चढते, हे खरे आहे. परंतु थायरॉईड मंदावले तरी ते चढते, रजोनिवृत्तीनंतर चढते, काही घराण्यांत ते जन्मापासूनच चढलेले असते, आणि स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल उतरवणारी) गोळी सुरू असेल तर आहार तोच राहूनही उतरते. आपण निवडलेल्या वयोगटाच्या ऐन मध्यावर रजोनिवृत्ती येते, ही एक गोष्टसुद्धा पन्नाशीतल्या बाईला पस्तिशीतल्या बाईपेक्षा ‘अविश्वसनीय’ ठरवायला पुरेशी आहे.

आहाराचा परिणाम किती मोठा असतो तेही पाहू. अमेरिकी आहारसंशोधक अँसेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली मांडलेल्या सूत्रानुसार, एकूण ऊर्जेतील संपृक्त मेदाचा वाटा जितक्या टक्क्यांनी वाढेल, त्याच्या साधारण २.७ पट मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर इतके कोलेस्टेरॉल वाढते. हा वाटा १० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेला, म्हणजे आहारात फार मोठा बदल झाला, तर वाढ होईल १३.५ मिलिग्रॅम. याउलट आहारात काहीही न बदलता एकाच व्यक्तीचे कोलेस्टेरॉल निरनिराळ्या दिवशी ५ ते ६ टक्क्यांनी इकडेतिकडे होते, म्हणजे २०० च्या पातळीवर १० ते १२ मिलिग्रॅम. एका नमुन्यावरून एका बाईच्या आहाराचा निवाडा करायला गेल्यास हा चढउतारच आपण मोजून बसाल. शिवाय ते सूत्र गटाच्या सरासरीसाठी रचलेले आहे.

ट्रायग्लिसराइडच्या बाबतीत तर गफलत उलट्या दिशेने होते. भरपूर भात, पेज, तांदळाची भाकरी, गोड चहा आणि त्यामानाने कमी स्निग्धांश असा आहार असलेल्या बाईचे ट्रायग्लिसराइड चढू शकते, कारण यकृत जास्तीच्या कर्बोदकांपासून मेद तयार करते. आणि नियमित बांगडा-तारली खाणारीचे ते उतरलेले असू शकते. सुचवलेला नियम लावला, तर पहिलीने तेल लपवले असा निष्कर्ष निघेल आणि तो तिच्यावर अन्याय करणारा असेल.

जीवरसायन_चिपळूण

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मेदाम्लांच्या (फॅटी ॲसिड, म्हणजे ज्यांपासून मेद बनतो ते घटक) विश्लेषणाच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे काम केले असल्याने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

एक गोष्ट प्रथमच स्पष्ट करायला हवी. माणसाने एकूण किती स्निग्धांश खाल्ला हे सांगणारी रक्ततपासणी नाही. ऊर्जेसाठी तशी पद्धत आहे: ड्यूटेरियम आणि ऑक्सिजन-१८ (हायड्रोजन व ऑक्सिजन यांची जड रूपे) यांनी खूण केलेले पाणी पाजून, ते लघवीतून किती वेगाने कमी होते यावरून शरीराने खर्च केलेली ऊर्जा काढतात, आणि माणसांवर ही पद्धत १९८२ पासून वापरात आहे. प्रथिनांसाठी चोवीस तासांच्या लघवीतील नत्र मोजता येते, कारण खाल्लेल्या प्रथिनातील नत्राचा बहुतांश भाग तिथून बाहेर पडतो. मेदाला असा एकच ठरावीक निकास नाही. तो जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतो, अंगावर साठतो, आणि भातापासून घरच्या घरी तयारही होतो. म्हणून रक्तावरून ‘किती’ हे विचारू नये. ‘कोणत्या प्रकारचा’ हे विचारावे, आणि तेही काही प्रकारांपुरतेच.

ऊर्जेच्या पद्धतीने प्रश्नावलीचे दोष मात्र चांगलेच उघड केले आहेत. अमेरिकेत मेरिलँड राज्यात १९९९-२००० मध्ये ४८४ प्रौढांवर झालेल्या ‘ओपन’ या अभ्यासात, प्रश्नावलीतून निघालेली ऊर्जा प्रत्यक्षापेक्षा पुरुषांत ३१ ते ३६ टक्के आणि स्त्रियांत ३४ ते ३८ टक्के कमी भरली. चोवीस तासांच्या मुलाखतीत ही तूट पुरुषांत १२ ते १४ टक्के आणि स्त्रियांत १६ ते २० टक्के होती. सुशिक्षित, स्वेच्छेने आलेल्या लोकांची ही स्थिती आहे. आपल्या वाड्यांतल्या बायांनी तेल कमी सांगितले तर त्यात विशेष असे काही नाही.

आता मेदाम्लांकडे येतो. जे मेदाम्ल शरीराला स्वतः बनवता येत नाही, किंवा अगदी थोडेच बनवता येते, तेच आहाराचा भरवशाचा माग देते. समुद्री मासळीतली ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्ले या यादीत सर्वांत वर येतात. जवस किंवा सोयाबीन तेलातल्या ओमेगा-३ पासून शरीर ईपीए थोडेसे आणि डीएचए फारच थोडे बनवते, त्यामुळे तांबड्या पेशींच्या पटलात त्यांचे प्रमाण चांगले असेल तर ते बहुधा मासळीतूनच आलेले असते. ईपीए आणि डीएचए मिळून तांबड्या पेशींतील एकूण मेदाम्लांच्या जे टक्के भरतात त्याला ओमेगा-३ निर्देशांक म्हणतात. २००४ साली तो मांडला गेला तेव्हा ४ टक्क्यांखाली हृदयविकाराचा धोका अधिक आणि ८ टक्क्यांवर कमी, अशा सीमा सुचवल्या होत्या. आपल्याला त्या धोक्याशी कर्तव्य नाही. मच्छीमार वाडी आणि बागायती वाडी यांतला फरक मात्र हा आकडा दाखवील, अशी माझी अपेक्षा आहे.

लिनोलेइक आम्लही शरीर बनवू शकत नाही. सोयाबीन आणि सूर्यफूल तेलात ते साधारण निम्मे किंवा त्याहून अधिक असते, शेंगदाणा तेलात त्याहून कमी, पामतेलात दहा टक्क्यांच्या आसपास आणि खोबरेल तेलात अगदीच अल्प. म्हणून घरात कोणते तेल येते हे रक्तातून काही प्रमाणात कळते. औद्योगिक ट्रान्स फॅटची खूण म्हणजे एलेडिक आम्ल. खारी, बेकरीतले बटर, वनस्पती तुपातली मिठाई यांच्या मार्फत ते पोटात जाते. मात्र जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली असल्याने, ते आता पूर्वीइतके आढळू नये. दुधातल्या मेदासाठी १५ आणि १७ कार्बनांची विषम साखळीची मेदाम्ले मोजतात. परंतु चहापुरतेच दूध घेणाऱ्या गटात सर्वांचीच मूल्ये तळाशी दाटतील आणि त्यावरून कोणाचाही क्रम लावता येणार नाही.

पामतेलाचा माग लागत नाही. त्यातील मुख्य मेदाम्ले पामिटिक आणि ओलेइक ही दोन्ही यकृत स्वतः बनवते, आणि भात जास्त खाल्ला तरी रक्तातले पामिटिक वाढते.

आणि कोकणासाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा खोबऱ्याचा. खोबऱ्यातील मेदात जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल असते. हे १२ कार्बनांचे आम्ल शरीर झटपट जाळते, त्यामुळे उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात आणि तांबड्या पेशींच्या पटलात ते जेमतेम सापडते. ते अंगावरच्या चरबीत मात्र दिसते: पॅसिफिक महासागरातील टोकेलाऊ आणि पुकापुका या बेटांवरच्या नारळप्रधान आहाराचा अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध झाला, त्यात लोकांच्या चरबीच्या नमुन्यांत लॉरिक आणि मिरिस्टिक आम्लांचे प्रमाण जास्त आढळले होते. टोकेलाऊत ऊर्जेचा ६३ टक्के वाटा नारळातून येत होता. पण आपण काही वाड्यांत फिरून चरबीचे नमुने काढणार नाही. तेव्हा आपल्याकडच्या स्वयंपाकात जो स्निग्ध पदार्थ सर्वांत मुबलक आहे त्याच्याबद्दल रक्त जवळपास गप्प राहते, आणि मासळीबद्दल ते सर्वांत स्पष्ट बोलते, हे आधीच मान्य करून अभ्यासाची आखणी करावी.

प्रयोगशाळेच्या बाबतीत तीन सूचना करतो, कारण या चुका मागाहून दुरुस्त होत नाहीत. रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) नळीत, उपाशीपोटी घ्यावे आणि त्याच दिवशी तांबड्या पेशी वेगळ्या कराव्यात. त्या उणे ८० अंशांवरच ठेवाव्यात. उणे २० अंशांच्या साध्या डीप फ्रीझरमध्ये पेशींतल्या लोहामुळे ईपीए-डीएचए काही आठवड्यांतच घटू लागतात, आणि पावसाळ्यात वीज जाऊन फ्रीझर वितळला तर नमुने गेलेच म्हणून समजावे. तिसरी सूचना थोडी बारीक आहे. गॅस क्रोमॅटोग्राफीत (मेदाम्ले एकमेकांपासून वेगळी करून मोजण्याच्या पद्धतीत) प्रमाण ठरवण्यासाठी ज्ञात वजनाचे एक मेदाम्ल नमुन्यात मिसळतात आणि पुष्कळ ठिकाणी सवयीने १७ कार्बनांचेच मिसळले जाते. तसे केले की दुधाची खूण असलेले १७ कार्बनांचे मेदाम्ल मोजण्याचा मार्ग बंद होतो, म्हणून १९ किंवा २३ कार्बनांचे वापरावे, असे आधीच सांगून ठेवावे.

आहार_गुहागर

दोघांचीही मी मनापासून आभारी आहे. रक्त कशाबद्दल बोलते आणि कशाबद्दल नाही, हे इतके नेमके मला कुठे वाचायला मिळाले नव्हते. म्हणजे मासळीसाठी तांबड्या पेशी, तेलाच्या प्रकारासाठी लिनोलेइक, आणि खोबऱ्यासाठी व एकूण तेलासाठी स्वयंपाकघरातच मोजणी, असा मार्ग दिसतो. रक्त नेमके कधी घ्यावे हे मात्र अजून ठरत नाही. परीक्षेच्या वेळापत्रकामुळे ऑगस्ट-सप्टेंबर मला सोयीचा आहे.

आरोग्यसेविका_हर्णै

ताई, ऑगस्ट-सप्टेंबर कृपा करून टाळावा. ज्यांच्या घरी मी वर्षानुवर्षे जात आले आहे त्या बायांच्या ताटात त्या महिन्यांत काय असते, ते सांगते.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्यानंतरही दर्या शांत होईपर्यंत आणि नारळी पौर्णिमेची पूजा होईपर्यंत पुष्कळ होड्या बाहेर पडत नाहीत. त्याच काळात श्रावण असतो, आणि अनेक घरांत तो गणपतीपर्यंत पाळला जातो. जीवरसायन सरांनी सांगितल्याप्रमाणे रक्तात मासळी दिसत असेल, तर सप्टेंबरच्या आरंभी घेतलेल्या रक्तात मच्छीमाराची बायको आणि बागायतदाराची बायको कदाचित सारख्याच दिसतील, आणि ‘मासळी रोज असते’ असे मच्छीमाराच्या बायकोने सांगितलेले आपल्या तक्त्यात चुकीचे ठरेल. ती वर्षभराचे सांगत असते.

पावसाळ्यात मासळी अगदीच नसते असेही नाही. सुकट, सुके बोंबील आणि खारवलेला बांगडा घरात असतो, खाडीची मासळी मिळते, पहिल्या पावसात चढणीचे मासे येतात, कुर्ल्या आणि तिसऱ्या होतात. प्रश्नावलीत ‘मासळी’ असे एकच घर ठेवले, तर हे सगळे एकाच मापाने मोजले जाईल. बांगडा, तारली आणि पेडवे हे चरबीचे मासे. कोळंबी, तिसऱ्या आणि बोंबील यांत चरबी कमी. निदान इतकी विभागणी करावीच.

आदल्या दिवसाची मुलाखत कोणत्या वारी घेता यावरही बरेच अवलंबून असते. आमच्याकडे बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे मासळीचे वार. सोमवारी घरी गेलात तर बाई रविवारचे सांगेल, आणि मंगळवारी गेलात तर सोमवारचे, म्हणजे उपासाचे किंवा वरणभाताचे. शिवाय संकष्टी आणि एकादशी आहेतच. प्रत्येकीची मुलाखत एक मासळीच्या वाराची आणि एक बिनमासळीच्या वाराची, अशी दोनदा तरी घ्यावी.

खोबऱ्याविषयी तर स्वयंपाकघरात बसूनच कळेल. ‘नारळ किती लागतो?’ असे विचारले की ‘रोज एक’ असे उत्तर येते. परंतु त्या नारळाचे काय झाले हे पुढे विचारलेच पाहिजे. वाटप करून कालवणात घातला, तर सगळा पोटात जातो. सोलकढीसाठी किंवा मोदकाबरोबरच्या रसासाठी दूध काढले, तर चोथा उरतो. तो कोणी दुसऱ्यांदा वाटून पिळते, कोणी भाजीत घालते, कोणी कोंबड्यांपुढे टाकते. किती पिळला यावर चोथ्यात किती चरबी राहिली हे ठरते. मी शेगडीजवळ बसून पाहिले आहे: घट्ट पिळणारीच्या हातातला चोथा कोरडा, भुसभुशीत होऊन सुटतो आणि घाईतल्या बाईचा ओला, तुपकट असतो. दोघींचा नारळ एकच, पण खाल्लेली चरबी वेगळी.

आणि तेलाबद्दल बाईला ‘तुम्ही किती खाता’ हे विचारूच नये. पिशव्या महिन्याला किती येतात, सणाला जादा किती, रेशनवर मिळालेले वेगळे किती, आणि तळणीचे उरलेले पुन्हा वापरता की टाकता, हे विचारावे. याची उत्तरे ती न अडखळता देते, कारण तो हिशेब तिचाच असतो.

सांख्यिकी_रत्नागिरी

वरील उत्तरातला घरखर्चाचा मार्ग आकड्यांत मांडून दाखवतो. पाच माणसांच्या घरात महिन्याला ४ लिटर तेल लागते असे धरू. तेलाची घनता सुमारे ०.९२ असल्याने ते ३.६८ किलो भरते, आणि ३० दिवस व पाच माणसे यांनी भागल्यावर माणशी रोज साधारण २४.५ ग्रॅम येते. ओल्या खोबऱ्यात साधारण ४० टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे रोज २०० ग्रॅम खोबरे संपत असेल तर त्यातून माणशी आणखी १६ ग्रॅम मिळतो. मुलांना आणि वृद्धांना कमी वाटा लावायचा असेल तर माणसांच्या संख्येऐवजी उपभोग एककांनी (वयानुसार कमी-जास्त धरलेल्या वाट्यांच्या बेरजेने) भागावे. याचा ताळा बाईच्या मुलाखतीशी घ्यावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांत ५२८ पदार्थ आहेत आणि मेदाम्लांची माहितीही आहे, म्हणून मुलाखतीतून ईपीए, डीएचए आणि लिनोलेइक स्वतंत्र काढता येतील.

आता रक्ताचा उपयोग नेमका कशासाठी, ते सांगतो. प्रश्नावली आणि मुलाखत या दोन्ही एकाच बाईच्या स्मरणावर आणि संकोचावर उभ्या असतात. जिला तेल कमी सांगावेसे वाटते ती दोन्हीकडे कमी सांगते, म्हणून दोन्हींचा सहसंबंध चांगला आला तरी तो फसवा असू शकतो. रक्तातल्या मापनालाही चुका असतात, परंतु त्या वेगळ्या जातीच्या असतात. वय, अनुवंश, धूम्रपान, मिसरी, रक्तक्षय यांच्यामुळे त्या येतात, बाईच्या संकोचामुळे नव्हे. या वेगळेपणामुळेच तिसरा साक्षीदार म्हणून रक्त मोलाचे आहे.

त्यासाठी तीन मापनांची, म्हणजे त्रिकोणी पद्धत वापरतात. प्रश्नावली आणि मुलाखत यांचा सहसंबंध ०.५०, प्रश्नावली आणि रक्त यांचा ०.३५, मुलाखत आणि रक्त यांचा ०.४५ आला असे समजा. पहिल्या दोहोंचा गुणाकार करून तिसऱ्याने भागावे आणि वर्गमूळ काढावे, ते ०.६२ येते. प्रश्नावलीतला आकडा आणि प्रत्यक्ष आहार यांच्यातला हा अंदाजित सहसंबंध झाला. पण पहिल्या दोन मापनांच्या चुका एकमेकींशी जोडलेल्या असल्याने ०.६२ ही वरची मर्यादा समजावी, आणि प्रश्नावली-रक्त यांचा थेट ०.३५ ही खालची. खरे मूल्य या दोहोंमध्ये कुठेतरी असेल. कधी कधी आकडे असे पडतात की उत्तर १ च्या वर जाते, जसे ०.६०, ०.५० आणि ०.२५ घेतल्यास. लहान नमुन्यात हे वारंवार होते. म्हणून सर्वांचे रक्त काढण्यापेक्षा शंभर ते दोनशे जणींचा उपगट घ्यावा, तो दोन्ही प्रकारच्या वाड्यांतून यादृच्छिक पद्धतीने निवडावा, आणि विश्वास-अंतराल (कॉन्फिडन्स इंटरव्हल) पुनर्नमुना (बूटस्ट्रॅप) पद्धतीने काढून तो प्रबंधात छापावा.

ही पद्धत मेदाम्लनिहाय लावायची असते. ईपीए-डीएचएचा गुणांक चांगला आला म्हणून एकूण स्निग्धांशाची प्रश्नावली पडताळली गेली असे लिहू नये. रक्तातील प्रमाणे टक्क्यांत असतील तर आणखी एक सावधगिरी हवी: बेरीज नेहमी १०० असल्याने मासळीचा वाटा वाढला की दुसऱ्या कोणाचा तरी आपोआप घटतो, आणि लिनोलेइकची घट ही तेल कमी खाल्ल्याची खूण वाटू शकते. जीवरसायन सरांनी सांगितलेले ज्ञात वजनाचे मेदाम्ल घालून प्रत्यक्ष मात्राही काढून घ्याव्यात.

काळाबद्दल आरोग्यसेविका ताईंचे म्हणणे मोलाचे आहे. प्रश्नावली वर्षाबद्दल विचारणार असेल, तर रक्त दोनदा घेणे उत्तम. एकदाच शक्य असेल, तर फेब्रुवारी-मार्च निवडावा आणि प्रश्नावलीत गेल्या तीन-चार महिन्यांबद्दल विचारावे. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे दोन्हींचा काळ एकमेकांवर बसेल. वर्षभराचे विचारून चार महिन्यांच्या रक्ताशी जुळवणे, हे तफावतीला स्वतःहून आमंत्रण आहे.

जीवरसायन_चिपळूण

सांख्यिकी सरांनी रक्तक्षयाचा उल्लेख केला, त्याला पुस्ती जोडतो. जिच्या तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात, किंवा जिचा मोठा रक्तस्राव नुकताच झाला आहे, तिच्या पेशी सरासरीने तरुण असतात आणि त्यांतली आहाराची नोंद जवळच्या काळाची असते. हिमोग्लोबिन त्याच नमुन्यात करून घ्यावे, म्हणजे विश्लेषणात ते विचारात घेता येईल. तसेच स्त्री-संप्रेरकांमुळे पाळी सुरू असलेल्या स्त्रियांत डीएचए किंचित जास्त राहते, म्हणून रजोनिवृत्तीची नोंद अवश्य करावी.

आहार_गुहागर

आता आराखडा बराच स्पष्ट झाला: फेब्रुवारी-मार्चमध्ये रक्त, तीन-चार महिन्यांची प्रश्नावली, दोन वारांच्या दोन मुलाखती, आणि तेल-नारळाची घरगुती मोजणी. शेवटची एक विचारणा आहे. ज्या स्त्रिया रक्त देतील त्या ‘माझे काय निघाले’ हे विचारणारच. त्यांना काय द्यावे?

वैद्यक_दापोली

ज्याचा वैद्यकीय अर्थ लागतो ते सर्व द्यावे. हिमोग्लोबिन करणारच आहात, आणि त्याच वेळी लिपिड प्रोफाइलही केलेत तर ते त्यांच्या आरोग्यासाठी म्हणून करावे. अहवाल प्रत्येकीच्या हाती समजावून द्यावा. एलडीएल १९० च्या वर असेल, तर थायरॉईडची तपासणी आणि भावंडांची चौकशी सुचवून डॉक्टरांकडे पाठवावे, आहारावरून बोल लावू नये. मेदाम्लांचे आकडे व्यक्तिशः देऊ नयेत, कारण त्यावरून एकीच्या बाबतीत उपचार ठरत नाही; वाडीतल्या बैठकीत गटाची सरासरी सांगता येईल.

संमतिपत्रात सोप्या मराठीत दोन वाक्ये असावीत: हे रक्त आमची प्रश्नावली बरोबर आहे की नाही हे तपासण्यासाठी आहे, आणि कोणा एकीचे उत्तर खरे की खोटे हे ठरवण्यासाठी ते वापरले जाणार नाही. हा मजकूर नैतिक समितीकडे मूळ अर्जासोबतच द्यावा, कारण मागाहून घातलेल्या मजकुराला पुन्हा मंजुरी घ्यावी लागते आणि तेवढ्यात फेब्रुवारी निघून जाईल.